भामाच्या पोटातली पिशवी

भामा पहाटे बायकांबरोबर ओढ्याकडं जात नसे, आणि वाडीला बोलायला एवढं पुरेसं होतं.

वाडी आटपाडीपासून दोन कोसांवर, तीस-पस्तीस उंबऱ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेली माणसं, आता पाऊस पडला तर बाजरी-मटकीही पेरणारी. झुंजूमुंजू व्हायच्या आत बायका टमरेलं घेऊन ओढ्याकडच्या बाभळींत जायच्या. कुणाची सून माहेराहून परत आली नाही, कुणाची मेंढी गाभडली, सगळं तिथं कळायचं. जी तिथं नसेल तिच्याविषयीही तिथंच बोलणं व्हायचं. आणि भामा दीड वर्षात एकदाही तिथं दिसली नव्हती.

"पुण्यात राहून आली न्हवं," शेजारची मनुबाई म्हणायची. "तिला आता आपलं रान चालत न्हाई."

मनुबाईला एकदा खरं काय ते सांगून टाकावं, असं भामाच्या किती वेळा ओठांवर आलं होतं. पण ते सांगायला शब्द कुठून आणायचे?

बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती तेव्हा तिच्या पोटात अन्न नव्हतं, पण आजारही नव्हता. आजार पुढच्या साली आला. आधी नुसती हगवण, मग आव, मग रक्त. दिवसातून दहा-बारा वेळा रानात पळायचं आणि दर वेळी रक्त बघून यायचं. म्हसवडला माहेरी नेलं, तिथं अंगारे झाले, काढे झाले, एका म्हातारीनं पोट चोळून दिलं. शेवटी नवरा नानासो, जो फौजेत ड्रायव्हर होता, तिला पुण्याला आपल्या क्वार्टरवर घेऊन गेला. फौजेच्या इस्पितळात तिला वजनकाट्यावर उभी केली तेव्हा ती चौतीस किलो भरली.

वर्षभर औषधं चालली. पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका दिवसात इतकं रक्त गेलं की डॉक्टरांनी नानासोला बाजूला घेतलं. तिथले एक मेजर सर्जन परदेशात शिकून आले होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मोठं आतडं सगळं खराब झालंय, ते काढावं लागेल. मग घाण बाहेर येणार कुठून? तर लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून पोटाच्या आतच एक पिशवी शिवायची, आणि तिचं तोंड उजव्या कुशीखाली, ओटीपोटावर काढायचं. तोंडाला आतल्या बाजूनं आतड्याचीच झडप. आपण होऊन काही बाहेर येणार नाही. दिवसातून चार वेळा तोंडातून रबराची नळी आत घालायची, सगळं भांड्यात उतरवायचं, नळी काढायची, वर जाळीच्या कापडाची घडी ठेवायची. झालं.

"झालं," असं ते मेजर म्हणाले होते. तो शब्द भामा पुढं कधी विसरली नाही.

खरं तर पहिली जवळपास दोन वर्षं तशीच गेली. इस्पितळातल्या सिस्टरनं तिला नळी घालायला, धुवायला, उकळायला शिकवलं होतं. नानासोची बदली पठाणकोटकडं झाली आणि भामा वाडीला सासूजवळ आली. न्हाणीच्या कुडाला सासूनं आतून घोंगडं बांधून दिलं. तिथं पाटावर बसून ती आपलं काम उरकायची, भांडं परड्यात खड्ड्यात रिकामं करून वर माती लोटायची, नळी जर्मनच्या पातेल्यात उकळायची. अंगावर मांस आलं. पाण्याच्या दोन घागरी डोक्यावर घेऊन ती पुन्हा चालू लागली. मूल अजून नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं थांबा. तेवढी दोन वर्षं सरत आली होती.

हे सगळं घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सासू धोंडुबाईनंच तसं ठरवलं होतं. "पोटाला भोक हाय म्हणलं की माणसं बघाया येतील," ती म्हणाली होती. "बघून झालं की बोलतील. गप ऱ्हा."

सत्याहत्तरच्या आखाडात एका सकाळी नळी आत जाताना अडली.

भामाला वाटलं, तेल कमी पडलं. तिनं आणखी खोबरेल लावलं, नळी फिरवली, मग ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंधरा दिवसांत तिच्या ध्यानात आलं की तोंडच आवळत चाललंय. आधी अंगठ्याचं टोक मावेल एवढं होतं, आता करंगळीही जाईना. कडेची कातडी पांढुरकी, ताठ झालेली. डाग दिलेल्या जागेसारखी.

इस्पितळातून आणलेल्या सामानात एक बारीक नळी होती. ती जायची. पण बारीक नळीचं दुखणं वेगळं. बाजरीचा एवढासा कोंडा तिच्यात अडकायचा आणि सगळं थांबायचं. मग नळी काढा, धुवा, पिचकारीनं आत पाणी सोडा, पुन्हा घाला. जे काम दहा मिनिटांत व्हायचं त्याला तास लागायला लागला. दिवसातून चार तास ती न्हाणीत पाटावर बसून काढायची. मेंढरं सुटायची वेळ व्हायची, सासू बाहेरून विचारायची, "झालं का गं?" आणि भामा आत पुन्हा पिचकारी भरायची. समोरच्या कुडाच्या काड्या मोजून मोजून तिला पाठ झाल्या होत्या.

तिनं जेवण तोडत आणलं. शेंगा बंद, मक्याचं कणीस बंद, पालेभाजी बंद, ठेचा बंद. बाजरीचं पीठ फडक्यातून गाळून त्याची भाकरी, नाहीतर आंबील, ताक आणि भात. सुगीला सगळी वाडी हुरडा खात होती तेव्हा ती घरात पातळ भात ओरपत होती. भुकेचं तिला एवढं वाटत नव्हतं. चीड यायची ती एका गोष्टीची, की सांगितलेलं सगळं तिनं केलं होतं. नळी रोज उकळली. तोंड रोज धुतलं. एक दिवस चुकवला नाही. तरीही ते आपलं आवळत होतं, जणू तिच्या अंगाला हे भोक मुळातच मान्य नव्हतं.

तिनं शाळेच्या मास्तरांकडून नानासोला पत्र लिहून घेतलं. मास्तरांपुढं काय बोलायचं म्हणून एवढंच लिहिलं, 'ऑपरेशनच्या जागेला त्रास आहे, मेजरसाहेबांना विचारावे.' महिन्यानं उत्तर आलं. मेजरसाहेबांची बदली आसामकडं झाली आहे. पुण्याला जाऊन दाखवावं, मी रजेचा अर्ज केला आहे, काळजी करू नये. भामानं पत्राची घडी करून कोनाड्यात ठेवली. काळजी करू नये हे सगळे सांगायचे. करावं काय हे कुणी सांगत नव्हतं.

पुणं लांब, म्हणून भामा आधी आटपाडीला एका डॉक्टरकडं गेली. त्यानं पोटावरचं तोंड बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. "हे कुणी केलं?" त्यानं विचारलं. भामानं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण पटल्यासारखा दिसत नव्हता. शेवटी म्हणाला, "पोट साफ होत नाही, एवढंच ना?" आणि जुलाबाचं औषध दिलं.

"आवं डॉक्टरसाहेब, पोटात माल कमी न्हाई. दार बारीक झालंय," भामा म्हणाली.

"मालच पातळ झाला की येईल बाहेर," तो म्हणाला. "रोज दोन चमचे."

पातळ माल आला, भरपूर आला. पिशवी तासातासाला भरू लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी बारीक नळीही आत जाईना.

त्या दुपारी मेंढरं माळावर होती आणि घरात दोघीच होत्या. भामानं तासभर खटपट केली. तोंडाच्या कडेतून रक्त यायला लागलं. पोट ढोलासारखं ताणलं होतं, कळ पाठीतून निघून मांडीपर्यंत जात होती. तिनं नळी कुडावर फेकली.

"मरू दे," ती म्हणाली. "मला न्हाई करायचं आता. त्यांनी शिवलं, त्यांनीच येऊन उसवावं."

धोंडुबाई आत आली. तिनं नळी उचलली, धुतली, चुलीवर पाणी ठेवलं. वाडीत मेंढी अडली की लोक तिलाच बोलवायचे. आडवं आलेलं कोकरू आत सरकवून, फिरवून, जिवंत बाहेर काढणारा तिचा हात होता. पण सुनेच्या या जागेला तिनं आजवर बोट लावलं नव्हतं. लांबूनच मदत केली होती.

"उताणी पड," ती म्हणाली.

"आत्याबाई, तुमाला न्हाई जमायचं."

"तुला जमलंय का? पड."

तिनं गरम पाण्यात फडकं पिळून तोंडावर ठेवलं. गार झालं की दुसरं. असं दहा-बारा वेळा केलं. भामाचे गुडघे उभे करायला लावले. मग नखं दगडावर घासली, करंगळी तेलात बुडवली आणि नुसती तोंडावर टेकवून ठेवली. दाबली नाही.

"तू अंग धरून ठिवलंयस," ती म्हणाली. "भ्यालेल्या मेंढीगत. सोड."

"कसं सोडू? दुखतंय."

"खोकल. खोकलून झालं की श्वास सोड. सोडलास की मी सरकंन, धरलास की थांबंन."

भामा खोकली. श्वास सोडला. करंगळी केसभर आत गेली आणि थांबली. पुन्हा खोकली. किती वेळ हे चाललं होतं देव जाणे. उंबऱ्यातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. शेवटी करंगळीच्या बाजूनं धोंडुबाईनं बारीक नळी सरकवली. झडपेपाशी ती जरा अडली. "आता मोठा श्वास," ती म्हणाली, आणि भामानं तो सोडताच नळी आत गेली. भांड्यात धार पडू लागली. दोघीही त्या धारेकडं बघत राहिल्या. भामा रडत होती, आणि आपण सुटलो म्हणून रडतोय की रागानं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"ही नळी आता काढायची न्हाई," धोंडुबाई म्हणाली. तिनं नळीचं टोक मुडपून दोऱ्यानं बांधलं, ती पोटाशी जुन्या लुगड्याच्या धडप्यानं आवळली. "उद्या सकाळच्या गाडीनं मिरजंला जायचं. पठाणकोटची वाट बघत बसलो तर तुला जाळायला लागंल."

मिरजेला पोहोचेपर्यंत दुपार झाली. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला भामा नळीवर हात दाबून धरत होती. विट्याच्या स्टँडवर सासूनं लुगडं आडवं धरलं आणि तिनं दोरा सोडून डब्यात पिशवी रिकामी केली. बायका बघत होत्या. बघू देत, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी तिचे पुण्याचे कागद दोनदा वाचले. मग म्हणाले, "बाई, खरं सांगतो. अशी पिशवी मी पुस्तकात वाचलीय. हाताखाली पहिल्यांदाच येतेय."

त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. आठ-दहा जण खाटेभोवती उभे राहिले. एक जण वहीत चित्र काढत होता. भामानं पदर तोंडावर घेतला. पण सर्जननी नीट समजावून सांगितलं, त्यासाठी तिनं त्यांना ती गर्दी माफ केली. पिशवी चांगली आहे, झडप चांगली आहे. कातडीशी जिथं तोंड शिवलंय तिथं वण आक्रसत गेलाय. जखम भरताना असं होतं. तुमची काही चूक नाही.

"मग कुणाची हाय?" भामानं विचारलं.

"कुणाचीच नाही," ते म्हणाले.

हे उत्तर तिला मुळीच आवडलं नाही. कुणाची तरी चूक असती तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

त्यांनी तिला भूल देऊन स्टीलच्या गुळगुळीत कांड्यांनी तोंड रुंद केलं. बारकीपासून सुरू करून एकापेक्षा एक जाड. घरी पाठवताना जाड नळी दिली आणि सांगितलं, महिनाभर ही आतच ठेवायची, मग रोज दहा मिनिटं घालून ठेवायची. भामानं दहाच्या जागी वीस मिनिटं केली. अडीच महिने बरे गेले. ती मेंढरांमागं माळावर गेली, एकदा मटकीची उसळही खाल्ली. आणि फाल्गुनात नळी पुन्हा अडली.

तेवढ्यात वाडीच्या बिरोबाची जत्रा आली. निवदाची पुरणपोळी दर साली चार घरच्या सुना मिळून करायच्या, आणि त्या साली भामाच्या घराची पाळी होती. आदल्या दिवशी ती आडावर पाण्याला गेली तेव्हा मनुबाईनं सगळ्यांसमक्ष घागर खाली ठेवली.

"भामाबाई, तू उद्याच्याला येऊ नगंस," ती म्हणाली. "वाईट वाटून घिऊ नगं. पण तू रानात जात न्हाईस. घरातच बसतीस, चुलीच्या शेजारी. लोक बोलत्यात. तुझ्या हातचा निवद देवाला कसा चालंल?"

त्या सकाळी भामा सव्वा तास न्हाणीत बसून आली होती. रात्रीपासून पोटात कळ होती. मिरजेला पुन्हा जावं लागणार हे तिला कळून चुकलं होतं आणि तिनं ते अजून सासूलाही सांगितलं नव्हतं. तिनं घागर आडाच्या कठड्यावर ठेवली, निऱ्या चार बोटं खाली ओढल्या आणि जाळीचं कापड उचललं.

"बघा," ती म्हणाली. "सगळ्या बघा. हितनं नळी घालून काढती मी. दिसातनं चार डाव. तीन वर्षं व्हायला आली. ती नळी आता जाईना, म्हणून तास-तास बसती. घरात बसती ती हौसंनं न्हाई. तुमच्यासंगं बाभळीत जायला मिळालं आसतं तर मी नाचत आली आसती."

मनुबाईची नजर त्या लाल, आवळलेल्या छिद्रावर होती. पलीकडं उभी असलेली बनुबाई, जी कधी कुणाच्या अध्यात-मध्यात नसायची, तिनं हळूच विचारलं, "दुखतं का गं?"

"दुखतं," भामा म्हणाली. तिनं निऱ्या खोचल्या, घागर भरली आणि घरी आली.

धोंडुबाईला कळायला वेळ लागला नाही. भामाला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण म्हातारी चुलीपुढं बसून राहिली आणि एवढंच म्हणाली, "बरं झालं. मलाबी लपवून लपवून कट्टाळा आला हुता."

दुसऱ्या दिवशी निवदाला भामाला बोलावणं आलं नाही. मनुबाई तशी हलणारी नव्हती. तिच्या मते पोटावरनं निघो की कुठनं, घाण ती घाणच. पण दुपारी बनुबाई पुरणपोळी घेऊन आली, डाळ दोनदा चाळणीतून काढलेली. भामानं ती दुधात कुस्करून खाल्ली.

मिरजेच्या सर्जननी या वेळी दोन वाटा सांगितल्या. पहिली अशी की पोट उघडून आतली पिशवी काढून टाकायची. मग आतड्याचं तोंड सरळ बाहेर राहील, नळीची कटकट नाही. पण ते सारखं वाहत राहील, त्यावर रबराची पिशवी चिकटवून बांधावी लागेल.

"ती कुठं मिळती?"

"मुंबईला. तीही नेहमी मिळेल असं नाही. बाहेरून येते."

"आन न्हाई मिळाली तर?"

"मग फडकं बांधून राहावं लागेल," सर्जन म्हणाले. दुसरी वाट म्हणजे वण कापून तोंड नव्यानं शिवायचं आणि पुढं जन्मभर, रोज सकाळी, स्टीलची कांडी घालून ते रुंद ठेवायचं. तरी पुन्हा आवळणार नाही असं लिहून देता येणार नाही.

"म्हंजी दोन्ही वाटा काट्याच्याच," भामा म्हणाली.

"हो," सर्जन म्हणाले.

तिनं दुसरी घेतली. निदान ती तिच्या हातात होती.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत नानासो अखेर दोन महिन्यांच्या रजेवर आला. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "आता बरी हायस न्हवं?" भामाला त्या शब्दाचा इतका राग आला की तिनं त्याचा हात धरून न्हाणीत नेलं.

"बसा," ती म्हणाली. "आत्याबाईंची नजर आता मंद झालीया. मला अडलं तर उद्या कोण बघंल? शिकून घ्या. शिकल्याबिगर माघारी जायाचं न्हाई."

ट्रकचं इंजिन उघडून बसणारा माणूस, पण कांडी बघून पहिल्या दिवशी तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी बसला, पण नजर वळवून बसला, आणि भामानं त्याला चांगलंच झापलं. आठवड्यानं त्यानं एकदा, तिच्या सांगण्याप्रमाणं, श्वासागणिक थांबत थांबत नळी आत घातली. भांड्यात धार पडली तेव्हा तो घामानं भिजला होता.

"तू हे रोज करतीस," तो म्हणाला.

"चार डाव," भामा म्हणाली. "हाताला कंप नगं. पुन्यांदा धुवा नळी, कोंडा ऱ्हायलाय."

रजा संपून तो गेला. तोंड त्यानंतर एकदा थोडं आवळलं, पण कांडी आणि फडक्याच्या शेकानं ते आठ दिवसांत सैल झालं. मूल होऊ द्यायचं का, हे विचारायला ती पुढच्या वेळी मिरजेला जाणार होती. सर्जन काय म्हणतील याचा तिला अंदाज नव्हता. त्यांनाही नसणार, असं तिला वाटायचं. सकाळी मेंढरं सुटायच्या आधी ती न्हाणीत बसायची. काही दिवशी दहा मिनिटं लागायची, काही दिवशी अर्धा तास, आणि अर्ध्या तासाच्या दिवशी तिच्याशी कुणी बोलायला गेलं तर ती फटकन उत्तर द्यायची. धोंडुबाई त्या दिवशी मेंढरं स्वतःच सोडायची.